ताहेराबीचा सदका

माणूस सुखरूप घरी आला आहे, हे ताहेराबी त्याच्या तक्रारीवरून ओळखत असे. नवरा चाँदपाशा सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर ट्रक चालवत होता त्या काळात तो उंबऱ्यातच चपला झटकत बोलायला लागे. अमक्या नाक्यावर विनाकारण अडवून ठेवले, तमक्या गोदामात माल उतरवायला हमाल नव्हते, पुढचा रस्ता म्हणजे नांगरलेले रान. ताहेराबी चुलीपाशी बसून ऐके आणि तव्यावर भाकरी टाकी. तक्रार कशाची आहे याकडे तिचे लक्ष नसे. आवाज चढलेला आहे, म्हणजे हातपाय जागेवर आहेत, इतके तिला पुरे होई.

पुढे चाँदपाशाने ट्रक विकून नळदुर्गला हमरस्त्यालगत स्पेअर पार्टचे दुकान टाकले आणि घर काही वर्षे शांत झाले. मग मुलगा, समद, उडायला लागला आणि तक्रार घरात परत आली.

उडणे हा समदचा व्यवसाय नव्हता. दुकान त्यानेच वाढवले होते, संसार मार्गी लावला होता, आणि चाळिशी जवळ आल्यावर लहानपणापासूनची एक इच्छा पुरी करावी म्हणून त्याने खासगी वैमानिकाचा परवाना मिळवला होता. तिघा मित्रांबरोबर भागीत त्याने दोन आसनांचे एक जुने विमान घेतले. गावाबाहेरच्या माळावर एक लहानशी धावपट्टी होती आणि ती एका खासगी कंपनीने चालवायला घेतली होती. दर रविवारी सकाळी समद तिथून उडे, किल्ल्याला वळसा घालून उसाच्या फडांवरून ढोकीच्या साखर कारखान्याच्या चिमणीपर्यंत जाई आणि जेवायच्या वेळेला घरी येई. आला की सुरू होई.

"उतरायची फी वेगळी, विमान उभं करायची वेगळी, आता म्हणे सुरक्षेची वेगळी," ताटावर बसत तो म्हणे. "मोठ्या विमानाला जो नियम, तोच माझ्या डबड्याला. गेटवरचा गडी दर रविवारी विचारतो, आपण कोण? अरे, परवा तुझ्या मोटरसायकलची चेन माझ्या दुकानातून नेलीस उधारीवर, आणि मी कोण?"

"आणि वर?" चाँदपाशा विचारी. त्याला या प्रकरणात मनापासून रस होता.

"वर कुणाचं कुणाला न्हाय, अब्बा. किल्ल्यावर लग्नाआधीचं शूटिंग. नवरा-नवरी बुरुजावर अन् त्यांचा ड्रोन माझ्या नाकासमोर. रेडिओवर मी ओरडतोय, ऐकणारा जेवायला गेलेला."

"आमच्या वेळंला नाके जमिनीवर होते," चाँदपाशा समाधानाने म्हणे. "आता वर बी झाले म्हण की."

ताहेराबी वाटीत रस्सा वाढी. पोरगा बोलतो आहे, म्हणजे जमिनीवर आहे.

पण केवळ ऐकून स्वस्थ बसणारी ती बाई नव्हती. तिचे माहेर गुलबर्ग्याकडचे. प्रवासाला निघालेल्या माणसाच्या डोक्यावरून मांसाचा तुकडा तीनदा ओवाळून तो घारींना टाकायचा, ही तिच्या आईची रीत होती. घारीने तो जमिनीवर पडायच्या आत झेलला की सदका, म्हणजे जीवावरून उतरलेले दान, कबूल झाला आणि माणसावरची बला घार घेऊन गेली, असे आई सांगे. चाँदपाशाच्या प्रत्येक फेरीला ताहेराबीने ट्रकच्या दारात उभे राहून हे केले होते आणि मग किल्ल्याच्या खंदकाकाठी जाऊन तुकडा वर भिरकावला होता. चाँदपाशा प्रत्येक वेळी परत आला होता. याहून मोठा पुरावा तिला कोणी दाखवू शकत नव्हते.

"मौलवीसाब म्हणतात, सदका भुकेल्या माणसाला द्यावा," चाँदपाशा अधूनमधून आठवण करून देई. "तुझ्या घारी माझ्यापेक्षा चांगली कलेजी खातात."

"मौलवीसाबांचा पोरगा बँकेत हाय," ती म्हणे. "बँक कधी हवेत उडाली का?"

समदच्या उड्डाणाच्या पहिल्या वर्षी हे सारे सुरळीत चालले. ती त्याच्याबरोबर गाडीतून धावपट्टीवर जाई, विमानाच्या पंखाखाली त्याच्यावरून तुकडा ओवाळी, आणि रिक्षाने गावात परतून खंदकावर तो टाकी. समद लाजे, मित्र हसत, पण कोणाचे काही अडत नसे. मग सुरक्षेचे नवे नियम आले. नातेवाइकांना आत प्रवेश नाही. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेता येणार नाहीत. एका रविवारी गेटवरच्या रखवालदाराने तिची पिशवी उघडली आणि तो दोन पावले मागे सरला.

"हे काय?"

"कलेजी."

"कुणाची?"

"बकऱ्याची. तुझी न्हाय, भिऊ नको."

धावपट्टीचा व्यवस्थापक नंदीश सीमेपलीकडचा, कन्नड बोलीचा, सभ्य तरुण होता. तो स्वतः बाहेर आला. "अम्मा, मला समजतं. पण नियम सगळ्यांना एकच. आज तुम्हाला सोडलं, तर उद्या कुणाला अडवू?"

त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. नियमाला पिशवीत काय आहे एवढेच विचारता येते. पिशवी घेऊन आलेली बाई परत फिरून कुठे जाणार आहे, हा प्रश्न त्याच्या कक्षेत येत नाही. समदने आईला बजावले की आता घरीच थांबायचे, उन्हात माळावर यायचे नाही. "ओवाळायचं तर घरात ओवाळा," तो म्हणाला. पण घरात ओवाळलेला सदका घरातल्या माणसाचा असतो, निघालेल्याचा नसतो. हा भेद ताहेराबीच्या आईने तिच्या मनात इतका पक्का बसवला होता की त्यावर वाद घालण्याचीही तिला गरज वाटली नाही. तिने मार्ग शोधला. धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला, कुंपणाबाहेर, जुन्या खाणीच्या दगडांचा ढीग होता. विमान उडताना आणि उतरताना बरोबर त्या ढिगावरून जाई. तिथे उभे राहून, विमान डोक्यावरून जात असताना हात वर करून तीनदा फिरवायचा आणि तुकडा तिथेच भिरकावायचा. समदला दुकानातून निघू द्यायचे, मग खंदकाकडे जाते असे चाँदपाशाला सांगून रिक्षा करायची.

ढिगापासून हाकेच्या अंतरावर भिमाबाईची पत्र्याची खानावळ होती. भिमाबाई मूळची ईट गावची. नवरा गेल्यावर ट्रकवाल्यांना मटण-भाकरी करून घालत तिने दोन मुली शिकवल्या होत्या. पहिल्या रविवारी उन्हात उभी असलेली म्हातारी पाहून तिने तांब्याभर पाणी आणून दिले, दुसऱ्या रविवारी बाज टाकून दिली, आणि तिसऱ्या रविवारी एकीने सुनेविषयी आणि दुसरीने जावयांविषयी सविस्तर बोलणे केले. तेव्हापासून ती ताहेराबीला भाबी म्हणू लागली.

घारींनाही ही जागा पसंत पडली. प्रथम दोन आल्या, मग पाच-सात, मग मोजता येईनात. ताहेराबीला त्यांच्या येण्याने धीर वाटे. तुकडा जमिनीला लागतच नसे.

त्याच सुमारास समदच्या तक्रारीत एक नवा विषय शिरला. "पक्षी वाढलेत," तो म्हणाला. "उतरताना समोर येतात. एक जरी पंख्यात गेला, तरी संपलं."

ताहेराबीने हे ऐकले आणि तिला जे करणे योग्य वाटले ते केले. तिने कलेजी दुप्पट केली. समदचे भागीदार बुधवारी उडत असत, म्हणून ती बुधवारीही जाऊ लागली. पक्षी म्हणजे तिच्या मनात पारवे, बगळे, असलेच काहीतरी. घारी तिच्या बाजूच्या होत्या. चाळीस वर्षे ज्यांनी घरावरची बला उचलून नेली त्यांना धोक्यात मोजायचे, हे तिला सुचणेच शक्य नव्हते.

धोका वाढला तसा सदका वाढला, आणि सदका वाढला तसा धोका.

पावसाळा सरल्यावर एका दुपारी समद मोठ्या उत्साहाने घरी आला. "सापडलं," तो म्हणाला. "पलीकडच्या टोकाला एक खानावळ हाय. हाडंबिडं टाकत असणार उघड्यावर. म्हणून घारी. आमी सगळ्यांनी सह्या करून कंपनीला तक्रार दिली. शेड उठवायची नोटीस निघणार. पुढच्या महिन्यात तपासणी हाय. तोवर घारी कमी न झाल्या तर आमच्यासारख्या बारक्या विमानांना बंदी. ऐकलं का अब्बा, फी घेतली सगळी, अन् आता बंदी."

ताहेराबीच्या हातातली पळी थांबली. घारी हा शब्द तिने ऐकला होता, पण त्याहून आधी तिला खानावळ ऐकू आली होती.

"ती बाई तसली न्हाय," ती म्हणाली. "हाडं झाकणाच्या ड्रममध्ये ठेवते."

"तुम्हाला काय माहीत, अम्मी? तुमी कुठं बघितली तिला?"

ताहेराबी पुन्हा पळी फिरवू लागली. ज्या व्यवस्थेत प्रत्येकाला काही ना काही जाच होतो तिथे जाचाचे उत्तर शोधताना बोट बहुधा सर्वांत कमी आवाज असलेल्या माणसाकडे वळते. समद वाईट मनाचा नव्हता. गेटवर दर रविवारी आपली ओळख सिद्ध करावी लागते याची त्याला चीड होती. पण भिमाबाईची ओळख करून न घेताच त्याने तिच्याविरुद्ध सही केली होती, आणि या दोन गोष्टींत काही नाते आहे असे त्याला तेव्हा वाटले नाही.

पुढच्या रविवारी ताहेराबी माळावर गेली ती मनात धास्ती घेऊन. विमान उडाले, हात फिरला, तुकडे वर गेले, घारींनी ते झेलले. मग ती खानावळीत येऊन बाजेवर बसली.

"नोटीस आली म्हणं?"

"आली की." भिमाबाई पीठ मळत होती. "ते नंदीशसाहेब इचारत होते, मावशी, घारी कशाला येतात? म्या म्हणलं, घारींनाच इचारा. म्या काय त्यांची सेक्रेटरी हाय?"

"मग कशाला येतात त्या?"

भिमाबाईने ताहेराबीच्या मांडीवरच्या पिशवीकडे पाहिले आणि पुन्हा परातीत पाहिले. "भाबी, आधी पाणी प्या," ती म्हणाली.

उत्तर त्यातच होते. पण ते ताहेराबीपर्यंत पोहोचायच्या आत विमानाचा आवाज आला. समद परतत होता. ती सवयीने उठून ढिगाकडे गेली. उरलेले तुकडे तिने उतरतानासाठी राखून ठेवले होते. तिने पिशवीत हात घातला. अजून काही फेकलेही नव्हते, तोच खाणीच्या दगडांवरून, विजेच्या तारांवरून, बाभळीवरून घारी उठल्या. तिचा हात पिशवीत गेलेला त्यांना पुरेसा होता. त्या तिच्या डोक्यावर फिरू लागल्या, आणि त्या फिरणाऱ्या थव्यात, खाली, अगदी खाली येत, तिच्या मुलाचे विमान शिरले.

काहीतरी थाडदिशी वाजले. विमान एका अंगाला कलले, सावरले, तिच्यावरून गेले. चाके टेकली, एकदा उसळली, पुन्हा टेकली. धुळीतून विमान वाकडे धावत जाऊन थांबले. दार उघडले. समद उतरला आणि पंखाला हात लावून उभा राहिला.

ताहेराबी दगडावर बसली. तिच्यासमोर एक घार पडली होती.

"तुला ठाऊक होतं," ती धावत आलेल्या भिमाबाईला म्हणाली.

"व्हय."

"मग सांगितलं का न्हाईस? तुझं शेड जातंय माझ्यापायी."

"कसं सांगू भाबी? लेकराच्या जीवासाठी करता तुमी. म्या म्हणलं, आज न्हाय तर उद्या तुमचं तुमालाच दिसंल." भिमाबाईने तिचा हात धरून तिला उठवले. "शेड पत्र्याचं हाय. दुसरीकडं उभं करता येतं. पण एवढं जवळ येईल हे मला बी ठाऊक न्हवतं. लई भ्याले म्या."

त्या दुपारी समद जेवायला बसला आणि एक शब्द बोलला नाही. फीविषयी नाही, गेटविषयी नाही. चाँदपाशाने "आणि वर?" असे विचारून पाहिले. समदने मान हलवली आणि भाकरीचा तुकडा मोडून तसाच ठेवला. ताहेराबीने इतक्या वर्षांत घरात असली शांतता ऐकली नव्हती. मुलगा समोर होता, धड होता, आणि तरी परत आलेला नव्हता.

"घारी मी आणल्या," ती म्हणाली.

आणि तिने सगळे सांगितले. कलेजी, रिक्षा, खाणीचा ढीग, बुधवार. सांगताना ती रडली नाही. शेवटी एवढेच म्हणाली, "त्या बाईच्या नावावर तू सही केलीस. तिला सगळं ठाऊक होतं, अन् तिनं माझं नाव घेतलं न्हाय."

रागावावे अशी समदची इच्छा होती, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. मग तो खांदे सोडून भिंतीला टेकला. कारण कळले होते. जे टाळता येत नाही असे वाटत होते ते टाळता येणार होते, आणि या जाणिवेपुढे राग फार काळ टिकला नाही.

"बुधवारी पण?" तो म्हणाला.

"तुझे मित्र बी कुणाची तरी लेकरं हायेत."

चाँदपाशाने तेवढ्यात हात धुतले. "म्हणजे इतकी वर्षं मी वाचलो ते ट्रक उडत नव्हता म्हणून," तो म्हणाला, आणि घरात त्या दुपारी पहिल्यांदा कोणीतरी हसले.

सोमवारी तिघेही नंदीशच्या कचेरीत गेले. ताहेराबीने पुन्हा सांगितले. नंदीशने ऐकता ऐकता डोक्याला हात लावला. "अम्मा, मी सहा महिने फटाके वाजवतोय. चमकत्या पट्ट्या लावल्या. बुजगावणं केलं, त्याच्या डोक्यावर घारच बसली. वरून विचारणा, तुम्ही करता काय. आणि तुम्ही मला कलेजी दाखवून गेला होता!"

"तूच म्हणालास, आत आणू नका."

नंदीशने त्याच दिवशी खानावळीची नोटीस मागे घेण्याचे पत्र केले. समदने आणि भागीदारांनी आपली तक्रार चुकीची होती असे लिहून दिले. ते पत्र पाठवून भागले असते, पण समद ते स्वतः घेऊन खानावळीत गेला. भिमाबाईने ते न वाचता डब्याखाली ठेवले.

"चुकलं माझं, मावशी."

"आधी जेवा."

तो जेवला. पैसे द्यायला उठला तेव्हा भिमाबाई म्हणाली, "जेवणाचे वेगळे. शेडात उतरायची फी वेगळी, बाजेवर बसायची वेगळी. तुमच्या आईनं सगळं सांगितलंय."

घारी मात्र लगेच गेल्या नाहीत. ताहेराबी रिकाम्या हाताने भिमाबाईकडे गेली, तर रिक्षा थांबताच माळावरच्या साऱ्या घारी तिच्यावर येऊन फिरू लागल्या. "त्यांनी तुझा बुरखा ओळखला," चाँदपाशा म्हणाला. तेव्हा तिने माळावर जाणेच बंद करायचे ठरवले. लोकांना वाटले की सदका बंद करणे तिला जड गेले असेल. खरे म्हणजे जड गेले ते न पाहता घरी बसणे. पुढचे रविवार तिने दारात काढले. विमान गावावरून गेले की ती वर पाही आणि आवाज विरेपर्यंत तशीच उभी राही. तिच्या हातात काही नसे.

तपासणी झाली त्या दिवशी दुपारी नंदीशचा फोन आला. "अम्मा, आकाश रिकामं आहे. फक्त समदभाईंचं विमान दिसतंय. बंदी नाही."

ताहेराबीने फोन चाँदपाशाकडे दिला आणि ती ओट्याला टेकून उभी राहिली. गेले काही आठवडे आपण पूर्ण श्वास घेतला नव्हता, हे तिला तेव्हा कळले.

आता रविवारी नंदीश तिला गेटच्या आत, रखवालदाराच्या खोलीच्या सावलीपर्यंत येऊ देतो. समद तिथे येऊन मान वाकवतो, ती झाकणाच्या डब्यातले मटण त्याच्यावरून तीनदा ओवाळते, रखवालदार दुसरीकडे पाहतो, आणि डबा रिक्षाने भिमाबाईच्या शेडात जातो. ऊसतोडीच्या हंगामात माळावरून टोळ्या जातात. बैलगाड्या सोडून माणसे सावलीला बसतात. भिमाबाई त्यांना त्या मटणाचा रस्सा वाढते आणि पैसे घेत नाही. मौलवीसाहेबांना हे कळले तेव्हा ते प्रसन्न झाले. ताहेराबीने त्यांच्यापुढे आपले मत बदलल्याचे कबूल केले नाही. खंदकावरच्या जुन्या घारींसाठी ती अजूनही कधीमधी एखादा तुकडा नेते. त्यांचा काही गुन्हा नव्हता, असे ती म्हणते.

परवाच्या रविवारी समद दार ढकलून आत आला तोच बोलत.

"अम्मी, ऐका. आईला गेटच्या आत आणायची पण फी लावली. पाहुण्याचा पास म्हणे! नंदीशला म्हणलं, अरे ती काय पाहुणी हाय? तर म्हणतो, नियम सगळ्यांना एकच—"

"चपला काढ आधी," ताहेराबी म्हणाली, आणि तिने तव्यावर भाकरी टाकली.